पुरुष माणूस बोलवा

माझ्या वडिलांच्या लघवीचा रंग आमच्या घरात रोज जाहीर व्हायचा. संध्याकाळी कामावरून आले की बाबा आधी चाळीच्या टोकाच्या संडासात जायचे आणि परत येताना दारातूनच आईला सांगायचे, "आज हिरवो." किंवा, "आज जांभळो, बघ." आई चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणायची, "बरा झाला, भायर पडलो." शेजारचे हसायचे. कुणीतरी ओरडायचं, "उद्या गुलाबी आणा हो, आमच्या हिच्या साडीला मॅचिंग!" बाबाही हसायचे.

मी हसत नसे. मला तेव्हाही राग यायचा, पण तो भलत्याच गोष्टीचा. मी घाटकोपरच्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून नुकती लागले होते, केसांना क्लिप लावून, इस्त्रीचा ड्रेस घालून जात होते, आणि माझा बाप पॅसेजमधून आपल्या लघवीचा रंग ओरडत यायचा. मला त्याची लाज वाटायची. रंग का येतो, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. घरात कुणालाच वाटलं नाही. आमच्याकडे ते पाऊसपाण्यासारखं धरून चाललेलं होतं.

बाबा कापड रंगवायच्या कामात होते. आधी एका गिरणीच्या रंगखात्यात, आणि संपात गिरणी बुडाल्यावर मरोळच्या बाजूला एका शेडमध्ये. परकराचं आणि अस्तराचं कापड तिथे रंगवून मिळे. संपानंतर आम्ही भांडुपला टेकडीच्या अंगाला राहायला आलो होतो आणि बाबा पवईवरून जाणाऱ्या बसने शेडमध्ये जात. बरोबर काकाही असत, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दोघे गावाहून बरोबरच आले, एकाच दिवशी रंगखात्यात चिकटले, एकाच टबावर शेजारी शेजारी उभे राहिले आणि या शेडमध्येही जोडीनेच गेले. काका घाटकोपरला राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमच्या घरातले सगळे निर्णय, म्हणजे भाड्याची खोली कुठली, गावच्या घराचं कौल कधी बदलायचं, माझ्यासाठी आलेल्या स्थळाला काय कळवायचं, हे दोघं भाऊ बसून घ्यायचे. आई चहा द्यायची.

रंग कालवायची त्यांची एक पद्धत होती. पिंपातून पावडर काढायची, गार पाण्यात टाकायची आणि कोपरापर्यंत हात घालून कालवायची. फळी नाही, दांडा नाही, हातमोजे तर नाहीतच. गुठळी राहिली तर कापडावर डाग पडतो आणि गुठळी हातालाच कळते, असं मुकादमाचं म्हणणं. बाबांनाही ते पटलेलं होतं. उलट आपल्या हाताला कशी बारीक गुठळीही कळते, याचा त्यांना अभिमान होता. त्यामुळे हात रंगलेले, बनियन रंगलेलं, उशी रंगलेली. घाम पुसला की पंचा रंगायचा. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि पाणी गटारात ओतताना बघायची, की आज काय चाललंय तिकडे.

आणि लघवी. रंगखात्यातल्या माणसांचं एक पक्कं मत होतं. रंग कातडीतून आत जाणारच, त्याला इलाज नाही. पण तो लघवीतून बाहेर पडला की माणूस साफ. ज्याची लघवी साधी पिवळी, त्याची काळजी करायची, कारण त्याचा रंग आत साठतोय. असल्या माणसाला ते जास्त गूळ खायला लावायचे. गूळ खाल्ला की रंग सुटतो म्हणे. शेडचा मालक रोज दुपारी प्रत्येकाला गुळाचा एक खडा द्यायचा आणि त्याचं सगळ्यांना कौतुक होतं. बाबा सांगायचे, "शेठ चांगलो हा. गिरणीत कोण देय होतो गूळ?" आज हे लिहिताना माझे दात आवळले जातात. हातमोजे महाग आणि गूळ स्वस्त, एवढंच त्या शेठचं चांगुलपण. आणि आम्ही त्याला दुवा देत होतो.

एकदा लग्नसराईच्या आधी शेडमध्ये लाल परकराची मोठी ऑर्डर आली. बाबा रोज दारातून सांगायला लागले, "तांबडो." सगळ्यांना ते ठीकच वाटलं. ऑर्डर संपली, शेडमध्ये निळं कापड चढलं, तरी लाल येतच राहिलं. बाबा म्हणाले, लाल रंग चिवट असतो. मग शेडचा बॉयलर बिघडला आणि कामच बंद झालं. बाबा घरी बसले. हात पांढरे पडले, उशीचा अभ्रा पहिल्यांदाच स्वच्छ राहिला, आणि लघवी लालच. तेव्हा तरी त्यांना भीती वाटायला हवी होती की नाही? ते खूश झाले! आईला म्हणाले, "जुनो साठलेलो रंग तो. गिरणीपासूनचो. आता सुट्टी मिळाली तर सगळो भायर पडता हा." आणि वाण्याकडून स्वतःहून गूळ आणून खायला लागले.

मी हे कुणालाही सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, काय अडाणी माणसं. अडाणी नव्हती हो. बाबा सातवी शिकलेले होते, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. दुसऱ्या कुठल्याही माणसाला लघवीत लाल दिसलं असतं तर त्याने रक्त म्हटलं असतं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. लघवीत लाल दिसल्यावर घाबरायचं नाही, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. मला राग येतो तो याचा.

मग एका रविवारी दुपारी लघवी बंदच झाली. आई बांगडे साफ करत होती. बाबा संडासातून आले ते पोट धरून, घामाने भिजलेले, आणि दारातून काही न सांगता खाली बसले. चाळीतल्या दोघांनी त्यांना धरून रिक्षात घातलं आणि आम्ही मुलुंडच्या एका हॉस्पिटलात गेलो. तिथे नळी घातली तेव्हा नळीतून गाठीच्या गाठी पडल्या, रक्ताच्या. आईने ते पाहिलं आणि तरीही हळूच मला म्हणाली, "रंग कसो साकळलो बघ."

डॉक्टरांनी पुढच्या दिवसांत दुर्बीण घालून आतून तपासलं, काही खरवडून काढलं, ते तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर खोलीच्या दारात आले. पेशंटचं कोण, म्हणून विचारलं. मी आणि आई उभ्या राहिलो.

"पुरुष माणूस कोणी नाही?"

"मी मुलगी आहे त्यांची."

"हो, पण हे जरा... पुरुष माणूस बोलवा कुणीतरी."

मी म्हटलं, मला सांगा, मी नोकरी करते, मला कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. नर्सला सांगितलं, यांचं कोणी जेन्ट्स आलं की मला बोलवा, आणि निघून गेले. वॉर्डमध्ये बाबांचं भांडं रिकामं करत होतो आम्ही, नळी पुसत होतो आम्ही, रात्रंदिवस खाली सतरंजी टाकून बसत होतो आम्ही. पण ऐकायला पुरुष माणूस पाहिजे. मी खाली जाऊन शेडला फोन लावला. शेड पुन्हा सुरू झाली होती. काका टब सोडून तसेच आले, कोपरापर्यंत निळे हात घेऊन.

डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं आणि दार लावलं. आई आणि मी बाकावर. बऱ्याच वेळाने काका बाहेर आले.

"वयनी, काय नाय," ते म्हणाले. "बारीक गाठ होती, ती खरवडून काढली. आता दादाक घरी नेवया."

"गाठ कसली?" मी विचारलं.

"गाठ ती गाठ. पुरुषांचा असता ता. तू कित्याक विचारतंस?"

"परत यायचंय का? औषध काय?"

"मी बघतंय. तू नको डोक्या लावू."

बाबांना त्यांनी सांगितलं की आत सूज होती, उतरली. बाबांनी मान डोलावली. मोठ्या आजाराचं नाव आजाऱ्याला सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तीत कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट सांगणाराच दुष्ट ठरतो. नाव ऐकलं की माणूस खचतो म्हणतात. म्हणून आजारी माणूस सोडून सगळ्यांना माहीत असतं. इथे तर त्याहून वर, फक्त काकांना माहीत होतं. बाबांना घरी आणलं. त्यांनी विचारलं, कामावर कधी जाऊ? काका म्हणाले, जरा दम खा.

मला चैन पडेना. काका माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघत होते, आणि ते तसे बघणारे नव्हेत. घरात माझ्यावर ओरडायचं तर डोळ्यात डोळे घालून ओरडायचे. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकली आणि एकटी मुलुंडला गेले. ओपीडीच्या रांगेत बसले. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कुठाय?

"पेशंट भांडुपला घरी बसून कामावर कधी जायचं विचारतोय," मी म्हटलं. "मला सांगा त्यांना काय झालंय."

"मी तुमच्या काकांना सगळं एक्स्प्लेन केलंय."

"काकांनी आम्हाला काही एक्स्प्लेन केलं नाही."

"मग त्यांना घेऊन या."

"मी उठणार नाही," मी म्हटलं. मागे रांग होती, माणसं दारातून डोकावत होती. "माझ्या बापाचं आहे ना? मग सांगा. लाज तुम्हाला वाटत असेल तर खाली बघून सांगा."

हे मी बोलले यावर माझा नंतर विश्वास बसेना. पण त्यांनी दार लावून घेतलं. गोळ्यांच्या रिकाम्या खोक्याच्या मागे पेनाने एक फुगा काढला, फुग्याच्या खाली तोंड, तोंडाच्या भोवती सुपारीएवढा एक गोल, आणि त्यातून खाली जाणारी नळी. फुगा म्हणजे लघवीची पिशवी. गोल म्हणजे प्रोस्टेट. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पुरुषांनाच असते ती, ते म्हणाले, आणि खरंच खाली बघून म्हणाले.

मग त्यांनी पिशवीत फुल्या मारल्या. कॅन्सर होता. एकाच जागी नव्हता, वेगवेगळ्या जागी होता, आणि त्यातली एक फुली अगदी तोंडाशी होती.

"अशा गाठी अनेक जागी असल्या, आणि त्यातली एक तोंडाशी असली, की खाली प्रोस्टेटमध्ये उतरल्याची शंका येते. आमचा अंदाज असतो. अंदाज म्हणजे खात्री नाही. खात्री करायची तर पुन्हा दुर्बीण घालून तिथला तुकडा घ्यायला हवा."

"त्याने काय होईल?"

"त्यावर सगळं ठरतं. उतरला नसेल तर आम्हाला जास्त आशा. उतरला असेल तर पिशवी आणि प्रोस्टेट काढून भागणार नाही, खालची ही नळीसुद्धा काढायला लागेल. नाहीतर आम्ही एवढं मोठं ऑपरेशन करायचं आणि तो मागे तिथेच राहायचा. हे ऑपरेशनच्या आधी कळलेलं बरं."

"मग घेतला का नाही तुकडा?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या काकांनी नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, आम्हाला काही करायचं नाही, आम्ही घरी नेतो."

ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, पुष्कळ लोक नाही म्हणतात, पुरुषांना त्या जागेची भीती असते. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "तुमचे वडील काम काय करतात?"

"कापडाच्या रंगात आहेत. आधी गिरणीच्या रंगखात्यात होते."

"रंगात? हाताने?"

"कोपरापर्यंत."

त्यांनी केसपेपर पुढे ओढला. "अहो, हे आधी नको सांगायला? या कामात हा आजार होतो, हे जुनं ठाऊक आहे सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?" मी म्हटलं. "आम्हाला कुणी विचारलं?"

केसपेपरवर धंद्याच्या जागी त्यांच्याच माणसाने 'कामगार' लिहून टाकलेलं होतं. कसला कामगार, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. गिरणीत डॉक्टर होता, शेडमध्ये इन्स्पेक्टर येऊन चहा पिऊन जायचा, आणि हॉस्पिटलात हे. सगळ्यांना ठाऊक होतं म्हणे. फक्त जे टबात हात घालत होते, त्यांना सोडून. मी त्यांच्या हातातलं खोकं ओढून घेतलं आणि निघाले.

घरी आले तर आई दारातच होती. तिला मी बाहेर पॅसेजमध्ये घेतलं आणि सांगितलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "तेंका सांगू नको. ऐकान खचतले ते."

"आई, त्यांच्या अंगातलं आहे ते. त्यांनाच विचारायचं नाही?"

"भावोजींनी विचार केलो असतलो काय तरी."

"भावोजींनी विचार केला नाही, भावोजी नाही म्हणून पळाले!"

मी ओरडले तेव्हा आतून बाबांनी हाक मारली. ते खाटेवर बसून पेपर वाचत होते. मी त्यांच्या समोर बसले आणि ते खोकं त्यांच्या हातात दिलं. फुगा दाखवला, फुल्या दाखवल्या, नाव घेतलं. मुलीने बापाशी ज्या जागेबद्दल बोलू नये त्या जागेबद्दल बोलले. आई दारात उभी राहून तोंड फिरवून रडत होती. बाबा सगळं ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे तो रंग नाय होतो?"

"नाही, बाबा. रक्त होतं."

त्यांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला वाटलं होतं तसं दुःख नव्हतं. फसवलं गेल्यावर माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते. मग म्हणाले, "डॉक्टरान तुकडो मागितल्यान, आणि भावान नाय म्हटल्यान?"

"होय."

"माका न विचारता?"

"होय."

"उद्या जाऊया," ते म्हणाले. "घे म्हणावा तुकडो. माझो हा."

माझा बाप खचला नाही. खचतात म्हणून सांगणाऱ्यांना मी हे अजून सुनावते. तो चिडला, आणि चिडलेला माणूस स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलात चालत गेला.

तुकडा घेतला. डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला. प्रोस्टेटमध्ये उतरला होता. या वेळी डॉक्टरांनी पुरुष माणूस मागितला नाही, आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. काकांनी नाही म्हटल्यामुळे जे दिवस फुकट गेले त्यांत तो उतरला, की आधीच उतरलेला होता, हे मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही. तेवढे दिवस मात्र काकांच्या एका शब्दावर बाबा खाटेवर बसून कामावर जायची वाट बघत होते.

पुढचं आताच सांगून टाकते, म्हणजे ते मागे राहणार नाही. मोठं ऑपरेशन झालं. पिशवी, प्रोस्टेट, नळी, सगळं काढलं. पोटाला भोक पाडून बाहेर रबराची पिशवी बांधली, पट्ट्याने. ती गळायची. वास यायचा. आई जुन्या साडीच्या घड्या करून आत घालायची. बाबा मग संडासच्या रांगेत कधी उभे राहिले नाहीत, पॅसेजमधून काही ओरडत आले नाहीत, आणि चाळीत कुणी थट्टाही केली नाही. ते दुसऱ्या वर्षाचे गणपती बघून गेले. शेडवाल्या शेठने माणसाबरोबर हार पाठवला, तो मी माणसाच्या हातात परत दिला.

पण मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या आधीचं. रक्त लागणार होतं. नातेवाइकांनी द्या म्हणून हॉस्पिटलने सांगितलं. मी दिलं. चाळीतली दोन पोरं आली, ज्यांच्याशी बाबांनी कधी धड बोलणंही केलं नव्हतं. माझ्या ऑफिसातला शिपाई आला. सख्खा भाऊ आला नाही. निरोप पाठवला की अशक्तपणा वाटतोय. निरोप काकूने आणला आणि देताना तिचंच तोंड उतरलेलं होतं.

मला एवढा राग कधीच आला नव्हता. वॉर्डमधून तशीच उठले आणि घाटकोपरला गेले. वाटेत बसमध्ये मनात जे काय बोलून घेतलं ते लिहिण्यासारखं नाही. काका खोलीत एकटेच होते. काकू नळावर कपडे धूत होती. मी चपला न काढताच आत शिरले.

"भावाला एक बाटली रक्त देववत नाही तुम्हाला?"

ते खाटेवर भिंतीकडे वळून बसले.

"डॉक्टरला कुणाला विचारून नाही म्हणालात? तुमचं अंग होतं? बाबांच्या जिवाचं ठरवणारे तुम्ही कोण? लहानपणापासून बघतेय, दोघं भाऊ बसून सगळं ठरवता. या वेळी तर एकट्यानेच ठरवलंत! आणि आता तोंड दाखवायला नको म्हणून अशक्तपणा?"

"आवाज कमी कर," ते म्हणाले.

"नाही करणार. अख्ख्या चाळीला ऐकू दे."

त्यांनी उठून दार लोटलं. परत खाटेवर बसले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, त्या दिवशी हिरवे. खाली बघत ते म्हणाले, "माका पण येता, गो."

"काय येतं?"

"लाल."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"शेड बंद होती तेवापण येतच होता. आमका वाटला, साठलेलो रंग. दादाक वाटला, माका वाटला. मगे त्या डॉक्टरान आत घेऊन सांगितल्यान, लाल दिसला तेवाच आणूक होयो होतो पेशंट. तेवा माका कळला, ता काय हा ता." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "दादा आणि मी एकाच टबार. एकच पाणी, एकच पावडर. तेच्या तुकड्यात खाली उतरल्याचा निघाला, तर माझ्यातय निघतला. तेचा कळला काय माझा कळला. माका कळूक नको होता, गो. म्हणान नाय म्हटलंय."

"आणि रक्त?"

"सुई लागली काय तेंका सगळा समाजता."

तेव्हा मला त्यांची दया आली असं लिहिलं तर बरं दिसेल. नाही आली. राग होता तो दुप्पट झाला. स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची म्हणून यांनी बाबांचे डोळे झाकले. स्वतःला कळू नये म्हणून बाबांना कळू दिलं नाही. आणि एवढं कळल्यावरही हा माणूस रोज बसने मरोळला जात होता, त्याच टबात कोपरापर्यंत हात घालत होता. शेजारच्या टबावर उभ्या असलेल्या कुणालाही त्याने सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं नव्हतं. बाहेर नळावर ती त्याचा रंगलेला पंचा आपटून धूत होती, त्याचा आवाज दारातून येत होता.

"काकूला माहीत आहे?"

"नाय."

मी खिळ्यावरचा त्यांचा शर्ट काढला आणि त्यांच्या मांडीवर टाकला.

"घाला."

"आज नको. ओर्डर आसा. उद्याच्याक बघूया."

"आज. आत्ता. काकू पण येईल बरोबर."

ते शर्ट हातात धरून बसले. माझ्याहून मोठा, घरात ज्याच्यापुढे कुणी ब्र काढत नसे असा तो माणूस, आणि त्याला शर्टाची बाही सापडत नव्हती. मी मदत केली नाही. शेवटी त्यांनी शर्ट चढवला, बटणं लावली, एक चुकलं ते पुन्हा लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादाक तू सांग. माका नाय जमाचा."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "ज्या वॉर्डात आपण चाललोय त्याच वॉर्डात ते आहेत. तुम्हीच सांगा."

आणि मी दार उघडून काकूला हाक मारली.